न्हाणीमागची येळवस

न्हाणीच्या मागं, कंपाउंडच्या भिंतीपर्यंत,
अकरा पावलं लांब, चार पावलं रुंद.
घरमालक म्हणाले, खणा, पण पाइप सांभाळा.
मी वडलांची थापी काढली.

लिंबाजी गवंडी. अर्ध्या उदगीरच्या भिंती
त्यांच्या ओळंब्यानं सरळ उभ्या आहेत.
त्यांच्या नावाचा सातबारा
कुठल्याच तलाठ्यानं कधी लिहिला नाही.

खणलं तर निघालं काय:
विटांचे तुकडे, फरशीचा कोपरा, मुरूम,
कुठल्याशा बाहुलीचा पाय.
माती नव्हतीच.
तळ्यातला गाळ आणला, चार गोण्या.
रिक्षावाल्यानं सीट धुवायचे वीस रुपये वर घेतले.
जागा भाड्याची. गाळ माझा.

दसरा झाल्यावर वाफे पाडले.
दोरी तीच, गवंड्याची, चुन्यानं ताठ झालेली.
मेथी दोरीखाली ओळीत उगवली.
शेपूनं ऐकलं नाही.
फुलकोबीनं नुसती पानं दिली, अजून देतेय.

नळ आठव्या दिवशी येतो, कधी अकराव्या.
म्हणून घरात साबण बंद.
राखेनं भांडी, डाळीच्या पिठानं आंघोळ.
मन्मथ म्हणाला, आई, मी काय भजं आहे का?
त्याच्या अंगावरचं पाणी मोरीतून वळून
पालकाकडं जातं,
आणि गारठ्यात तो दोन तांब्यांत उरकतो
तेव्हा मी बाहेरून ओरडते,
अजून एक घे रे, वांग्यांना पुरलं नाही!

वालावर मावा पडला.
दहिवर वाळायच्या आत राख उधळत होते,
भिंतीवरून रहेमतबी म्हणाल्या,
"काय बाई, अंगारा लावलालीस का वालाला?"
त्यांच्याच शेळीनं पुढं एकदा पालक खाल्ला.
भरपाई म्हणून टोपलंभर लेंड्या आल्या.
मी चहा पाजला. फायद्यात मीच होते.

लहानपणी दर येळवसेला
आम्ही कुणाच्या ना कुणाच्या शेतात.
मनापासून बोलवायचे लोक.
भज्जी दोनदा वाढायचे, आंबील तीनदा.
वडील पंगत सोडून
बांधाच्या कडेला ताट घेऊन बसायचे.
मला वाटायचं, त्यांना तिथली सावली आवडते.
त्या बांधावर झाड नव्हतं,
हे मला यंदा
मेथी खुडता खुडता आठवलं.

यंदाही गल्ली सकाळीच रिकामी झाली.
टमटममध्ये घोंगडी, घोंगडीवर आंबिलाचं बिंदगं,
दारादारांना कुलूप.
आम्हालाही दोन बोलावणी होती.
घरी जरा काम आहे, म्हटलं.

सहा ताटं कडब्याची, गुडघ्याएवढी कोप.
आत पाच खडे, उरलेल्या चुन्यात बुडवलेले.
तूर, हरभरा, पावटा बाजारचा,
खोटं कशाला बोलू;
पण मेथी घरची, कांद्याची पात घरची,
दोन वांगी, वाकडी का असेनात, घरची.
आंबील शिंपडत निघाले,
ओलगे ओलगे म्हणत.
पुढचे शब्द मला येत नाहीत,
बाप्ये म्हणायचे ते, आम्ही मागं चालायचो.
फेरी लगेच संपली.
म्हणून आणखी एक घातली, सावकाश.

रहेमतबी खुर्ची घेऊन आल्या.
मन्मथला भिंतीपाशी बसवलं.
मी मधोमध बसले, दोन वाफ्यांच्या बेचक्यात,
लुगड्याला ओल लागली तरी.

भज्जीचा दुसरा घास हातात होता,
आणि नळ आला.
सगळं गाव शेतात, एक मोटार चालू नाही,
असा जोर
मी उदगिरात कधी पाहिला नव्हता.
मन्मथ उष्ट्या हातानं घागर लावायला धावला.
पहिली भरली तशी मी उचलली
आणि घराकडं पाठ केली.